हत्ती दोन्ही बॅरिस्टरच होते : हायकोर्टाच्या इतिहासावर भाषणं देणाऱ्या सीनिअर वकील मंडळींना खुलं पत्र

आदरणीय सीनिअर मंडळी,

सप्रेम नमस्कार.

मी तालुक्याच्या कोर्टात प्रॅक्टिस करतो, वीस-बावीस वर्षं झाली. वाटपाचे दावे, मनाईचे अर्ज, एकशे अडतीसच्या, म्हणजे चेक न वटल्याच्या, केसेस, असा आमचा धंदा. मुंबईला हायकोर्टात जाणं होतं ते वर्षातून दोन-चार वेळा, तेही अपिलाचे कागद तुमच्यासारख्यांच्या ऑफिसात पोचवायला आणि मग बोर्डावर नंबर कधी लागतोय ते बघत मागच्या बाकावर बसायला. तेव्हा मी कोण तुम्हाला इतिहास शिकवणार असं वाटलं तर वाटू दे, पण पत्र पूर्ण वाचा एवढीच विनंती.

झालं काय की मागे तुमच्यापैकी एक साहेब आमच्या बाररूममध्ये व्याख्यानाला आले होते. आमच्याकडे येतं कोण, त्यामुळे खुर्च्या कमी पडल्या, लोक दारात उभे राहून ऐकत होते. साहेब बोलले पण झकास. त्यात एक वाक्य असं होतं की इंग्रजांनी बाकी काहीही केलं असो पण एक गोष्ट चांगली दिली, चालत्या प्रॅक्टिसमधला बॅरिस्टर उचलून थेट हायकोर्टाच्या खुर्चीत बसवायची पद्धत, तो सरकारचा नोकर नव्हता म्हणून सरकारला घाबरला नाही आणि म्हणून मुंबईचं हायकोर्ट ताठ कण्याचं राहिलं. टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. चहाच्या वेळी माझी ज्युनिअर हळूच म्हणाली, सर, पण रानडे कुठे बॅरिस्टर होते? मी म्हटलं, गप चहा पी.

पण ते डोक्यात राहिलं. मग सुट्टीत वाचत बसलो, जुने ॲक्ट काढले, आणि जसजसं वाचत गेलो तसतशी ती टाळी मला टोचायला लागली. साहेब खोटं बोलले नाहीत, अर्धं बोलले. आणि हे अर्धं तुम्ही सगळेच बोलता, स्मरणिकांमध्ये पण तेच छापता, म्हणून एकट्या त्या साहेबांना न लिहिता तुम्हा सगळ्यांना लिहितोय.

आधी तुमच्या बाजूचं सांगतो, कारण तुमची बाजू पोकळ नाहीच. हायकोर्टाच्या आधी मुंबईत सुप्रीम कोर्ट होतं, १८२४ मध्ये सुरू झालेलं. त्याचे जज विलायतेतून यायचे, किमान ५ वर्षं बॅरिस्टर असलेले, आणि नेमणूक राजाची, कंपनीची नाही. म्हणजे गव्हर्नरच्या मांडीला मांडी लावून बसणारा पण गव्हर्नरचं मीठ न खाणारा माणूस. आता बघा काय झालं. पुण्यात मोरो रघुनाथ नावाचा एक पोरगा होता, वय साधारण १४, त्याला पांडुरंग रामचंद्र या बड्या नातलगाने डांबून ठेवलंय अशी तक्रार मुंबईच्या सुप्रीम कोर्टात गेली आणि कोर्टाने हेबियस कॉर्पस काढला, पोराला हजर करा. पेशवाई जाऊन जेमतेम १० वर्षं झालेली. गव्हर्नर होता जॉन माल्कम. सरकारने कोर्टाला सरळ लेखी कळवलं की मुंबई बेटाबाहेरच्या एतद्देशीय लोकांवर तुमचे असले हुकूम चालणार नाहीत आणि आम्ही ते बजावू देणार नाही. तेव्हा बेंचवर तीन जज असायचे. त्यातले दोघं, वेस्ट आणि चेंबर्स, १८२८ च्या त्या दोन-तीन महिन्यांत वारले. उरला एकटा जॉन पीटर ग्रँट. या गड्याने काय करावं, एप्रिल १८२९ मध्ये कोर्टच बंद करून टाकलं! माझे हुकूम सरकार मानत नसेल तर मी कोर्ट चालवत नाही, बसा. आज कुठल्या जजने असं केलं तर काय होईल कल्पना करा.

हे वाचून मला पण भारी वाटलं, म्हटलं साहेबांचं बरोबर आहे. पण गोष्ट इथे संपत नाही आणि तुमची भाषणं नेमकी इथेच संपतात.

लंडनमध्ये कंपनीवर देखरेख करणारं जे बोर्ड होतं त्याचा अध्यक्ष लॉर्ड एलनबरो. त्याने माल्कमला खाजगी पत्र लिहिलं, ते पुढे फुटलं आणि छापून आलं. त्यात त्याने कळवलं होतं की काळजी करू नका, दोन नवे जज पाठवतोय, ग्रँट त्यांच्या मधे असा राहील जसा दोन माणसाळलेल्या हत्तींच्या मधे रानटी हत्ती चालवत नेतात. त्यांची नावं ड्यूअर आणि सेमूर. ग्रँट सीनिअर असून त्याला डावलून ड्यूअर चीफ जस्टिस केला गेला. आणि हा ड्यूअर कोण, तर इथलाच, सरकारचा ॲडव्होकेट जनरल, चालत्या प्रॅक्टिसमधला माणूस. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या अपील कोर्टाने, पण निकाल सरकारसारखाच दिला, मोरो रघुनाथ राहिला जिथे होता तिथे.

म्हणजे बघा हं, रानटी हत्ती बॅरिस्टर होता हे खरं, पण माणसाळलेले हत्ती पण दोन्ही बॅरिस्टरच होते. कायद्यातली पात्रता तिघांचीही तीच. माझं सगळं म्हणणं खरं तर एवढंच आहे, पण वकील आहे त्यामुळे पुराव्याशिवाय सोडणार नाही.

आता १८६१ चा हायकोर्ट ॲक्ट. यात कोणाला जज करता येईल याचे चार दरवाजे होते. बॅरिस्टर असाल तर ५ वर्षं पुरे. सिव्हिलियन असाल, म्हणजे कलेक्टर वगैरे जे कव्हेनंटेड सर्व्हिसवाले, तर १० वर्षं नोकरी आणि त्यात निदान ३ वर्षं जिल्हा जज. खालच्या कोर्टातला प्रिन्सिपल सदर अमीन किंवा स्मॉल कॉजेसचा जज असाल तर ५ वर्षं. आणि वकील असाल, म्हणजे सदर अदालतीत (कंपनीच्या अपील कोर्टात) किंवा हायकोर्टात उभा राहणारा आपला देशी वकील, तर १० वर्षं. वर अशी अट की चीफ जस्टिस धरून कमीत कमी एक तृतीयांश बॅरिस्टर पाहिजेत आणि कमीत कमी एक तृतीयांश सिव्हिलियन. उरलेल्यात बाकी सगळे, आणि त्यातही पुन्हा बॅरिस्टर किंवा सिव्हिलियन घुसवायला काही मनाई नाही, कारण वरची अट कमीत कमीची आहे, जास्तीत जास्तीची नाही. आपल्या लोकांसाठी राखीव असं त्यात एक पायपुसणंसुद्धा नव्हतं.

हे सूत्र काही न्यायदेवतेने स्वप्नात येऊन सांगितलेलं नव्हतं, ही सरळ सरळ वाटणी होती. एका बाजूला सुप्रीम कोर्टातले राजाचे बॅरिस्टर जज, दुसऱ्या बाजूला कंपनीच्या सदर अदालतीतले सिव्हिलियन जज, दोन्ही कोर्टं मोडून एक हायकोर्ट करायचं तर दोन्ही घरच्या भावांना हिस्सा पाहिजे ना. आम्ही रोज वाटपाचे दावे चालवतो, आम्हाला हे लगेच ओळखू येतं. थोरल्याला वाडा, धाकट्याला मळा, आणि जमीन कसणारा कूळ बांधावर उभा.

५ आणि १० चा फरक पण जरा थांबून बघा. लंडनच्या इनमध्ये, म्हणजे बॅरिस्टर घडवणाऱ्या संस्थेत, टर्म भरायच्या, त्या भरायच्या म्हणजे ठराविक वेळा तिथे जेवायला हजर राहायचं, मग बारला बोलावणं आणि त्यानंतर फक्त ५ वर्षं, त्या ५ वर्षांत मराठीचं एक अक्षर नाही आलं तरी चालेल. आणि इकडे एखादा वकील हिंदू लॉ कोळून प्यालेला, खोती, वतन, मिरास असल्या जमीनहक्काच्या भानगडी ज्याच्या हाताखालून शेकड्याने गेल्यात, त्याला १० वर्षं, आणि एवढं करून मुंबईच्या ओरिजिनल साइडला, म्हणजे थेट हायकोर्टात दाखल होणारे दावे चालतात तिथे, उभं राहायची परवानगी नाहीच, तिथे फक्त ॲडव्होकेट, म्हणजे बॅरिस्टर किंवा हायकोर्टाची वेगळी परीक्षा दिलेले. वकिलातून जज झाला तरी कायम चीफ जस्टिस होणं नाही, कारण ती खुर्ची बॅरिस्टरची.

हो, आणि सिव्हिलियनला पण ती खुर्ची बंद होती, हे तुमच्या भाषणात असतं आणि ते बरोबरच आहे. नोकरशाहीतला माणूस कोर्टाच्या डोक्यावर नको हा त्यातला विचार मला पटतो. सिव्हिलियन जज म्हणजे काल असिस्टंट कलेक्टर म्हणून शेतसारा वसूल करणारा, आज जिल्हा जज, परवा हायकोर्टात. पुरावा कायदा, उलटतपास हे त्याने कधी स्वतः उभं राहून केलेलंच नाही. साक्षीदार कुठे घसरतो हे उलटतपास घेणाऱ्याला जसं कळतं तसं ते पुस्तकातून कळत नाही, हे मी छातीठोकपणे सांगेन. मुंबईत कापसाचे, जहाजांचे, हुंड्यांचे जे मोठे दावे ओरिजिनल साइडला चालायचे ते बॅरिस्टर जजशिवाय निघालेच नसते. पण मोफसलचं, म्हणजे मुंबईबाहेरच्या जिल्ह्यांतलं, अपील आलं की चित्र उलटं. सगळा रेकॉर्ड मराठी, दस्त कितीतरी वेळा मोडीत, ते भाषांतर होऊन बॅरिस्टर जजपुढे यायचे. मुदत खरेदी (जमीन परत देण्याच्या बोलीवरची खरेदी) आणि गहाण यात काय फरक हे आमच्याकडच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला शब्दाच्या चवीवरून कळतं, ते इंग्रजीत आणल्यावर कसं राहील? तिथे तो सिव्हिलियन बरा, त्याने निदान खोत नावाचा प्राणी जिवंत बघितलेला असायचा.

असो, माझा मुद्दा तो नाही. मुद्दा असा की बॅरिस्टर की सिव्हिलियन हे भांडण त्या दोघांचं होतं आणि आपण दीडशे वर्षं त्यातल्या एकाची बाजू घेऊन टाळ्या वाजवतोय.

आता माझ्या ज्युनिअरच्या प्रश्नाकडे येतो. रानडे बॅरिस्टर नव्हते. ते खालून आले, सब-जज, स्मॉल कॉजेस असं करत. सरकारी नोकर, म्हणजे तुमच्या सूत्राप्रमाणे घाबरट असायला पाहिजेत. वासुदेव बळवंतांच्या बंडाच्या काळात याच सरकारी नोकरावर सरकारचा इतका संशय की पुण्याहून नाशिक आणि तिथून धुळ्याला बदली, त्यांची पत्रं फोडून वाचली जायची. बरं, हायकोर्टात त्यांची खुर्ची कुठली हे बघा, कारण हा भाग मला सगळ्यात जास्त लागला. मुंबई हायकोर्टाचे पहिले देशी जज नानाभाई हरिदास, वकिलातून आलेले. १८७० च्या दशकात त्यांना ॲक्टिंग म्हणून बसवलं, पुन्हा उठवलं, पुन्हा बसवलं, कायम झाले १८८४ मध्ये. १८८९ ला ते गेले, त्या जागी काशिनाथ त्र्यंबक तेलंग. तेलंगांनी विलायतेचं तोंड पाहिलं नव्हतं, इथलीच ॲडव्होकेटची परीक्षा दिलेली. १८९३ ला तेलंग गेले, जेमतेम ४३ वर्षांचे, त्या जागी रानडे. जानेवारी १९०१ मध्ये रानडे गेले, त्या जागी नारायण गणेश चंदावरकर, ते पण वकील.

एक खुर्ची. एक जण मरायचा, दुसरा बसायचा. आणि या चौघांतला एकही इंग्लंडचा बॅरिस्टर नाही. पहिला देशी बॅरिस्टर जज १८९५ ला आला, बद्रुद्दीन तय्यबजी, ज्यांनी १८६७ पासून मुंबईत प्रॅक्टिस केली होती, म्हणजे २८ वर्षं. कायद्यात ५ लिहिलं होतं, पण ती ५ कोणासाठी हे आता सांगायला नको.

तुमच्या स्मरणिकेत या सगळ्यांचे फोटो असतात, खाली नाव आणि वर्षं. त्या वर्षांमध्ये एक शब्द गाळलेला असतो आणि माझ्या मते सगळी गोम त्या शब्दात आहे. ॲक्टिंग.

१८६१ च्या ॲक्टमध्ये कायम जज नेमायचा अधिकार राणीचा, लंडनला. पण जागा रिकामी झाली किंवा कोणी रजेवर गेला तर तात्पुरता जज बसवायचा अधिकार इथल्या सरकारचा, म्हणजे मुंबईत गव्हर्नरचा. आणि रजा म्हणजे काही चार दिवस गावाला जाऊन येणं नव्हे, साहेब बोटीने विलायतेला जाणार, महिनोन् महिने. त्यामुळे कोणीतरी कायम ॲक्टिंग असायचाच. आता त्या ॲक्टिंग माणसाच्या जागी स्वतःला ठेवा, तुम्ही बारमधले आहात, तुम्हाला सहज जमेल. चार महिने तुम्ही वर बसलाय, खाली तुमचेच मित्र मायलॉर्ड म्हणतायत. समोर सरकारविरुद्धचा दावा आहे. मूळ जज परत आला की तुम्ही उठून पुन्हा खाली वकिलांच्या टेबलाशी, आणि तोवर तुमचे अशील दुसरीकडे गेलेले. पुढच्या रिकाम्या जागेवर तुम्हाला बोलवायचं की नाही हे ठरवणार तोच गव्हर्नर, ज्याचं सरकार तुमच्यापुढे प्रतिवादी म्हणून उभं आहे. अशा वेळी तुम्ही बॅरिस्टर आहात, नोकर नाही, हे तुम्हाला कितपत आठवेल?

आणि कायम झाला तरी काय हो, त्याच ॲक्टमध्ये स्पष्ट आहे की सगळे जज राणीची मर्जी असेपर्यंत पदावर राहतील. मर्जी! खुद्द इंग्लंडमध्ये १७०१ पासून कायदा होता की जजचं वर्तन चांगलं आहे तोवर त्याला हात लावायचा नाही. म्हणजे तोच बॅरिस्टर लंडनमध्ये जज झाला तर पक्का, आणि बोटीत बसून मुंबईला आला की मर्जीवर. प्रॅक्टिसमधला माणूस आणायची पद्धत त्यांनी आणली, पण ज्या गोष्टीमुळे तिकडे त्या पद्धतीला अर्थ होता ती गोष्ट मात्र बंदरावरच ठेवून आले.

टिळकांचं तर तुम्ही सगळे सांगताच. पण कसं सांगता? १८९७ मध्ये लोकमान्यांना अटक झाली, जामिनाचा अर्ज एकदा हायकोर्टात फेटाळला गेलेला, मग पुन्हा अर्ज केला तो तय्यबजींपुढे आणि त्यांनी जामीन दिला. बॅरिस्टर जज, बघा कसा ताठ, असं तुम्ही सांगता आणि ते खरंच आहे, त्या वातावरणात जामीन देणं सोपं नव्हतं. पण खटला चालला कोणापुढे, स्ट्रेचीपुढे. तोही बॅरिस्टरच, एका बड्या सिव्हिलियनचा मुलगा. त्याने ज्युरीला राजद्रोहाचा अर्थ असा सांगितला की सरकारबद्दल प्रेम नसणं हाच अप्रीतीचा गुन्हा. सहा युरोपियन ज्युरर विरुद्ध, तीन देशी बाजूने, १८ महिने सक्तमजुरी. पुढच्याच वर्षी स्ट्रेची अलाहाबादला चीफ जस्टिस झाला. मी काही जोडत नाही, फक्त तारखा शेजारी शेजारी ठेवतोय.

आणि १८९७ मध्ये तय्यबजींपुढे टिळकांच्या जामिनासाठी उभा राहिलेला बॅरिस्टर होता दिनशा दावर. तोच दावर १९०६ ला प्रॅक्टिसमधून उचलून जज केला गेला. १९०८ ला टिळक पुन्हा अटकेत, जामिनाचा अर्ज घेऊन जिना उभे, समोर वर खुर्चीत दावर. जिनांनी ११ वर्षांपूर्वीचा जामीन दाखवला असणार, तो मिळवून देणारा माणूसच तर वर बसला होता, याच्यापेक्षा चांगला दाखला कुठल्या वकिलाला मिळेल? जामीन नामंजूर. मग १३ ते २२ जुलै खटला, टिळक स्वतः २१ तासांच्या वर बोलले, ज्युरी सात विरुद्ध दोन, रात्री १० च्या सुमारास ६ वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा आणि १००० रुपये दंड. वर दावरने टिळकांच्या बुद्धीलाच विकृत म्हणून ऐकवलं. हे सगळं ज्या सेंट्रल कोर्टरूममध्ये झालं तिच्या बाहेर टिळकांचं उत्तर आता संगमरवरावर आहे, ज्युरीने काहीही म्हटलं तरी मी निर्दोष आहे वगैरे. मी प्रत्येक वेळी तिथे दोन मिनिटं थांबतो. ज्युनिअरला पण दाखवलं. तिने नंतर त्या इमारतीतलं ते दगडी माकड शोधून काढलं, हातात तराजू आणि एकाच डोळ्यावर पट्टी असलेलं, आणि म्हणाली सर, एक डोळा उघडा कशाला ठेवला असेल. म्हटलं आता तू मला अडचणीत आणणार.

तर तय्यबजी, स्ट्रेची, दावर, तिघंही बॅरिस्टर, तिघंही चालत्या प्रॅक्टिसमधून आलेले, आणि दोन खटल्यांत तिघांची तीन तऱ्हा. कुठून आला यावरून माणूस कळत असता तर हे असं झालं असतं का?

तुम्ही म्हणाल, मग छागला? मान्य. छागला हा तुमच्या बाजूचा सगळ्यात वजनदार पुरावा आहे. १९२२ पासून मुंबईच्या बारमध्ये, बरीच वर्षं काम नाही म्हणून हाल काढलेले, १९४१ ला थेट हायकोर्टात, १९४७ ला पहिले देशी कायम चीफ जस्टिस. तो टिळकांचा शिलालेख पण १९५६ मध्ये त्यांनीच उघडला. पण छागला आले तेव्हा कायदा कोणता होता ते बघा. १९३५ चा ॲक्ट. त्यात ती मर्जी गेली होती, जज ६० वर्षांपर्यंत पक्का, गैरवर्तन सिद्ध झाल्याशिवाय काढता येणार नाही. एक तृतीयांशची वाटणी पण त्यातच गेली आणि बॅरिस्टरचं ५ पण १० झालं, म्हणजे वकिलाच्या रांगेत आणून उभा केला. गंमत बघा, आज घटनेत वकिलाला हायकोर्ट जज व्हायला जी १० वर्षं लागतात ती १८६१ च्या देशी वकिलाची १० वर्षं आहेत, बॅरिस्टरची नाहीत. आपण सगळे त्या बांधावर उभ्या असलेल्या कुळाचे वारस आहोत हो, आणि भाषणं थोरल्या भावाच्या कौतुकाची करतोय.

मग तुम्ही विचाराल की आता हे उकरून काय मिळणार. सांगतो. १९११ च्या हायकोर्ट ॲक्टने ॲक्टिंगला एक जुळा भाऊ दिला, ॲडिशनल जज, गव्हर्नर जनरलने नेमायचा, जास्तीत जास्त २ वर्षांसाठी. १९१५ च्या कायद्यात तेच, १९३५ मध्ये पण तेच. १९५० च्या घटनेत घटनाकारांनी ही तात्पुरत्या जजची भानगडच ठेवली नाही. आणि ६ वर्षांत, १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने, कलम २२४ मधून ती परत आली, मुदत किती, तर २ वर्षं. तेच २. नंतर आणीबाणीत काय झालं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, आमच्या सोलापूरच्या बारमधून गेलेले उ. रा. ललित मुंबई हायकोर्टाचे ॲडिशनल जज होते, विद्यार्थ्यांना जामीन दिला होता, पुढे त्यांना कायम केलं नाही. ते परत वकिली करायला लागले. चालत्या प्रॅक्टिसमधून आलेले आणि चालत्या प्रॅक्टिसमध्ये परत गेलेले. जामीन १८९७ चा काय आणि १९७५-७६ चा काय, देणारा जज खुर्चीत पक्का बसलाय की दोन वर्षांच्या बोलीवर, हा प्रश्न तोच आहे. आणि तुमच्या व्याख्यानात ग्रँट येतो, तय्यबजी येतात, छागला येतात, पण ही २ वर्षं कधी येत नाहीत, आणि ही तर वसाहतीच्या काळातली सगळ्यात टिकाऊ वस्तू आहे, हायकोर्टाच्या दगडी इमारतीइतकी टिकाऊ.

मला माहितीये यातला एक अवघड भाग. तुमच्यातले काही जण उद्या स्वतः एलिव्हेट होणार, म्हणजे हायकोर्टाचे जज होणार, काहींचे ज्युनिअर आत्ता ॲडिशनल म्हणून बसलेत, कन्फर्मेशनची वाट बघतायत. त्यावर जाहीर बोलणं सोपं नाही. मी बोलू शकतो कारण मला कोणी विचारणारच नाहीये, तालुक्याच्या वकिलाला कोण हायकोर्टात बसवतंय. म्हणून तुमच्याकडून मोठं काही मागत नाही, आंदोलन नको, ठराव नको, पिटिशन तर नकोच.

पुढची स्मरणिका काढाल तेव्हा जजांच्या फोटोखाली दोन तारखांऐवजी तीन छापा. ॲक्टिंग किंवा ॲडिशनल कधी झाले, कायम कधी झाले, गेले कधी. आणि एक ओळ, कुठून आले, बारमधून की खालच्या कोर्टातून. १८६२ पासून सगळ्यांचं. नानाभाईंच्या नावापुढे १८८४ च्या आधीची ती बसवाबसवी आणि उठवाउठवी पण दिसू दे. आणि पुढच्या वेळी व्याख्यानाला याल तेव्हा ग्रँटची गोष्ट सांगताना दोन्ही हत्तींची नावं पण सांगा, आणि ते कोण होते ते पण.

आमच्या बाररूममध्ये घड्याळाच्या खाली भिंत रिकामी आहे. तुम्ही यादी पाठवली तर फ्रेम करून लावतो, फ्रेमचा खर्च माझा. ज्युनिअरला सांगून ठेवलंय, ती मोजमाप घेऊन बसलीये.

कळावे, लोभ असावा.

आपला,
तालुका कोर्टातला एक वकील